राईनपाड्यानंतर आपण फक्त बटण बदललं

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे, तिथे त्या दिवशी आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिकडे गेली होती. त्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, आणि मुलं पळवणारी टोळी आली अशी ओरड झाली. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडलं आणि काठ्या-दगडांनी मारलं. पाचही जण गेले. मारतानाचे व्हिडिओ लोकांनी काढले आणि ते पण फिरले.

मी सोशल सायकॉलॉजी शिकतेय, अफवा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे राईनपाडा मला परत परत वाचावं लागतं. आणि दरवेळी एकच गोष्ट खटकते की त्या घटनेनंतर सगळा देश मोबाईलकडे बघत बसला. केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खडसावलं, व्हॉट्सॲपने पेपरात पानभर जाहिराती दिल्या, मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आला, भारतात एकावेळी फक्त ५ ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, फोटो-व्हिडिओच्या शेजारी जे पटकन पुढे ढकलायचं बटण होतं ते काढलं. २०१९ मध्ये तीच मर्यादा जगभर लागू झाली, २०२० च्या एप्रिलमध्ये खूप फिरलेले मेसेज एकावेळी एकाच चॅटला पाठवता येतील असं केलं आणि अशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं असं कंपनीने सांगितलं. हे सगळं चांगलंच झालं, मी त्याला नावं ठेवत नाही, वेग कमी झाला की विचाराला जरा वेळ मिळतो. पण पाच माणसं मेली आणि त्यावर आपलं उत्तर काय तर बटण, हे मला अजिबात पटत नाही.

माझं म्हणणं असंय की अफवेने भीती तयार होते हे अर्धवट आहे. बऱ्याचदा भीती आधीच असते, तिला सांगण्यासारखं कारण हवं असतं, आणि अफवा ते कारण आणून देते. आणि मारायचं कुणाला हे मेसेज ठरवत नाही, ते आपण पिढ्यानपिढ्या आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

व्हॉट्सॲपच सगळ्याचं मूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी २१ सप्टेंबर १९९५ आठवून बघावा. गणपती दूध पितो म्हणून पहाटे दिल्लीत सुरू झालेली गोष्ट दुपारपर्यंत अख्ख्या देशात आणि संध्याकाळपर्यंत लंडनच्या देवळांत पोचली होती, आणि तेव्हा साधा मोबाईल पण जवळजवळ कुणाकडेच नव्हता, लँडलाईन, एसटीडी बूथ आणि शेजारीण एवढीच यंत्रणा. शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी पृष्ठताणाचं कारण सांगितलं, रंग घातलेलं दूध वापरून ते मूर्तीवरून खाली कसं ओघळतं ते दाखवलं, पण रांगेतल्या माणसाला पृष्ठताण नको होता. त्याला जे हवं होतं ते चमच्यात मिळत होतं. त्या अफवेने कुणाचा जीव घेतला नाही कारण तिच्यात कुणी शत्रूच नव्हता.

आता भीतीबद्दल. या विषयातलं एक जुनं आणि फार महत्त्वाचं काम आपल्याच देशातलं आहे, तरी बीएला असताना माझ्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर लेख छापला. अफवा कसल्या, तर गंगेचं पाणी गायब झालं आणि आंघोळ करणारे वाळूत रुतले, अमुक तारखेला पाटण्यात वादळ येणार, ग्रहणाच्या दिवशी परत मोठा धक्का बसणार, २६ फेब्रुवारीला प्रलय. म्हणजे आधीच घाबरलेली माणसं एकमेकांना अजून घाबरवणाऱ्याच गोष्टी सांगत होती. साधं लॉजिक लावलं तर घाबरलेल्याला धीर देणाऱ्या गोष्टी हव्यात ना? आणि लक्षात घ्या, ही बहुतेक माणसं अशा भागातली होती जिथे धक्का जोरात बसला पण पडझड फारशी झाली नव्हती.

वीसेक वर्षांनी लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा लेख वाचला आणि हाच प्रश्न त्याला पडला. त्याने काढलेलं उत्तर असं की या माणसांच्या अंगात भीती होती पण डोळ्यासमोर भीतीचं कारण नव्हतं, घर उभं होतं, पोरं सुखरूप होती, मग मी एवढा का थरथरतोय? प्रलय येणार आहे असं कळलं की आतली भीती आणि बाहेरचं जग यांचा मेळ बसतो. त्याच्या शेजारी त्याने दुर्गानंद सिन्हा यांचा दार्जिलिंगच्या दरडींवरचा अभ्यास ठेवला, तिथे लोकांनी प्रत्यक्ष विध्वंस पाहिला होता आणि तिथे अशा पुढचं भाकीत करणाऱ्या भयानक अफवा दिसल्या नाहीत. भीतीला कारण समोर होतं, वेगळं शोधायची गरज नव्हती. १९५७ मध्ये फेस्टिंगरने कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा, म्हणजे मनातल्या विसंगतीचा, जो सिद्धांत मांडला, जो आज जगभर प्रत्येक सायकॉलॉजीच्या मुलाला शिकवतात, त्याचं एक बीज पाटण्यातल्या या अफवांमध्ये आहे. आपल्याकडे शिकवताना हे सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे पुस्तकातलं वाटत असेल तर आमच्या घरचं सांगते. आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी आत्याने एक व्हिडिओ टाकला, मुलं पळवणारी बाई पकडली म्हणून, खाली लाल अक्षरात ‘आपल्या भागात फिरत आहेत’. मी शोधून बघितलं, व्हिडिओ जुना होता आणि दुसऱ्याच राज्यातला होता. आत्याला फोन केला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं असेल खोटा, पण पोरांना सांभाळलेलं बरं की नाही? तू नाहीस इथे, तुला काय कळायचं. आपली पिंकी एकटी क्लासला जाते, यायला साडेआठ होतात, रस्त्यावर लाईट नाही.” मी व्हिडिओवर बोलत होते आणि ती पिंकीवर बोलत होती. व्हिडिओ खरा की खोटा हा तिचा प्रश्नच नव्हता. तिची काळजी शंभर टक्के खरी होती, रस्त्यावर लाईट खरंच नाहीये, पण त्या काळजीबद्दल ग्रुपवर काय टाकणार, नगरपालिकेला कोण विचारणार, तर तो व्हिडिओ तिच्या मदतीला आला. फॅक्टचेकची लिंक तिला पाठवून मी तिच्या काळजीला खोटं ठरवलं असंच तिला वाटणार.

२०१८ मध्ये जो व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला त्याची गोष्ट तर अजूनच विचार करायला लावणारी आहे. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पळतात. बघताना अंगावर काटा येतो. तो पाकिस्तानातल्या कराचीत बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ आहे, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा. मूळ व्हिडिओत पुढे ते दोघं परत येतात, पोराला खाली सोडतात आणि हातातला फलक दाखवतात, मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा. भारतात फिरताना ते शेवटचे काही सेकंद कापलेले होते. मुलांच्या भल्यासाठी केलेल्या जाहिरातीचा इकडे माणसं मारायला उपयोग झाला. सरकार गेली काही वर्षं मागे लागलंय की मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते कंपनीने सांगितलं पाहिजे, २०२१ च्या आयटी नियमांत तसं कलमच आहे आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलंय. समजा तो कात्री लावणारा माणूस सापडला, त्याला शिक्षाही झाली. राईनपाड्याच्या बाजारात जी ओरड झाली ती त्याने थांबली असती का? ओरडणाऱ्याने तर समोरच्या माणसाचे कपडे बघितले, झोळी बघितली आणि ठरवलं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या झोळीबद्दल. जेवत नसलास तर बाबा झोळीत घालून नेईल, हे महाराष्ट्रात किती आयांनी म्हटलं असेल? माझ्या आईने म्हटलंय, तुमच्याही म्हटलं असेल. तो बाबा कुठला, तर दारोदार फिरणारा, पालं टाकून राहणारा, दोन दिवसांनी पुढच्या गावाला जाणारा. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पुढे तो मुंबई इलाख्यात पण आला, सोलापुरात तर काटेरी तारांच्या आत माणसं ठेवली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. डवरी गोसावी त्या यादीतले होते असं नाही, ते भटक्या जमातींत येतात, पण गावाच्या नजरेला हा फरक कुठे कळतो, पालात राहणारा म्हणजे संशयित, चोरी झाली की पोलीस पहिले पालावर. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा, त्यानंतर इदाते आयोग झाला, दोन्ही आयोगांचे अध्यक्ष आपले मराठी, दोघांनीही या लोकांकडे साधी कागदपत्रं नाहीत, घर नाही, कायमचा पत्ता नाही हे लिहून दिलंय. ओळखपत्र नसलेला माणूस जमावासमोर मी कोण हे कसं सिद्ध करणार? आणि असलं तरी कोण वाचणार म्हणा.

त्यात टीव्ही. जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने दाखवलं होतं की जे लोक खूप टीव्ही बघतात त्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतं. आपल्याकडे रोज रात्री गुन्ह्यांच्या मालिका चालतात, सावध रहा सावध रहा म्हणून, न्यूज चॅनलवर लाल पट्टी आणि ढणढण म्युझिक. प्रत्यक्षात हरवलेल्या मुलांमध्ये घरातून पळालेली असतात, ओळखीच्यांनी नेलेली असतात, पण पडद्यावर मात्र तो अनोळखी माणूसच असतो. आणि अनोळखी माणूस म्हटलं की डोळ्यासमोर सूटबूटवाला येतच नाही, झोळीच येते.

इथे शहरातले शिकलेले लोक म्हणतात की अडाणी आहेत हो ते, आदिवासी भाग, काय समजणार त्यांना. हे ऐकलं की मला राग येतो, आणि त्याचं कारण गडचिंचले. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन चालू, पालघर जिल्ह्यातल्या या आडवाटेच्या गावाच्या परिसरात चोर येतात, मुलं पळवतात अशा अफवांमुळे लोक रात्री गस्त घालत होते. त्या रात्री गाडीतून जाणारे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले, पोलीस तिथे असताना मारले. भयंकर घटना. पण पुढे काय झालं बघा, दोन-तीन दिवसांत व्हिडिओ बाहेर आला आणि मारणारे दुसऱ्या धर्माचे होते अशी नवीन अफवा सुरू झाली, आणि ती गडचिंचल्यात नाही, ती आपल्या सोसायट्यांमध्ये, डॉक्टर-इंजिनियरांच्या ग्रुपवर, टीव्हीच्या स्टुडिओत. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची नावं जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे दाखवायला. गृहमंत्र्याला आरोपींचा धर्म सांगत बसावं लागलं, यापेक्षा वाईट काय असतं. गावच्या लोकांनी अंधारात, भीतीपोटी खोट्यावर विश्वास ठेवला, त्यांना त्याची शिक्षा व्हायलाच हवी, पण शहरातल्यांनी एसीत बसून, हातात गुगल असताना खोट्यावर विश्वास ठेवला कारण त्यांच्याही मनात आधीच एक संशय होता आणि त्याला कारण हवं होतं. यंत्रणा तीच आहे.

आणि शिक्षणाने हे आपोआप सुटत नाही. एखादं वाक्य परत परत ऐकलं की ते खरं वाटायला लागतं हे १९७७ पासून माहितीये, २०१५ मध्ये लिसा फेझिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खरं उत्तर आधी माहीत असलेल्यांवरही पुनरावृत्तीचा परिणाम होतो. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीत बिहारमध्ये प्रयोग केला, लोकांच्या घरी जाऊन तासभर बसून खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवलं. सरासरी परिणाम, काहीच नाही म्हणावं असा. आणि भाजप समर्थकांमध्ये तर स्वतःच्या पक्षाच्या बाजूची खोटी बातमी ओळखणं उलट कमी झालं. हे एका पक्षाचं म्हणून मी सांगत नाहीये, ज्याला जे आपलं वाटतं ते वाचवायला माणूस धडपडतो, कुठल्याही पक्षाच्या आयटी सेलला हे आपल्या प्रोफेसरांपेक्षा चांगलं कळतं. म्हणूनच ‘विचार करून फॉरवर्ड करा’ असल्या जाहिरातींवर माझा फारसा भरवसा नाही.

त्रिपुरातलं तर सांगताना पण त्रास होतो. राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, २८ जून २०१८, तिथे सरकारने अफवांवर विश्वास ठेवू नका असं लाऊडस्पीकरवरून सांगत फिरायला एका माणसाला नेमलं होतं. त्यालाच जमावाने मारून टाकलं. आतला संशय तसाच ठेवून बाहेरून खरी माहिती ओरडत राहिलं तर ती माहिती कुणाच्या कानात जाणार?

मग काय करायचं? निराश व्हावं असं नाहीये खरं तर, कारण त्याच बिहारमध्ये नंतर बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी यंत्रणेला बरोबर घेऊन दुसरा प्रयोग केला आणि तो चालला. ५८३ गावं, साडेतेरा हजार शाळकरी मुलं, आणि तासभराचं लेक्चर नाही तर चार महिने चालणारे वर्ग. विषय आरोग्याबद्दलच्या खोट्या माहितीचा होता. मुलांना खरं-खोटं ओळखणं जमायला लागलं, वर्ग संपल्यावर चार महिन्यांनी परत तपासलं तरी ते टिकलेलं होतं, राजकीय खोट्या बातम्या पण ओळखायला लागली होती, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्या मुलांच्या आईवडलांमध्येही फरक पडला. म्हणजे पोरगं घरी येऊन सांगतं तेव्हा ऐकतात. आत्याने माझं ऐकलं नाही, पिंकीचं कदाचित ऐकेल, कारण पिंकी तिच्या काळजीच्या आत आहे आणि मी बाहेर.

पण एवढ्यावर थांबलं तर परत अर्धंच होईल. अफवांवरचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी लिहिलं, बाब महत्त्वाची असेल आणि माहिती धूसर असेल तिथे अफवा वाढते हे त्यांनी मांडलं. तोच ऑलपोर्ट १९५४ मध्ये पूर्वग्रहावर लिहितो आणि म्हणतो की वेगवेगळ्या गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने, एकत्र काम करत, वरच्यांच्या पाठिंब्याने भेटली तर पूर्वग्रह कमी होतो. एकाच माणसाला अफवा आणि पूर्वग्रह या दोन्हींवर लिहावंसं वाटलं हा मला योगायोग वाटत नाही. आपण त्यातला माहितीचा भाग तेवढा उचलला आणि माणसांचा सोडून दिला.

कायद्याचंही तसंच. सुप्रीम कोर्टाने १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्यानंतर दोन आठवड्यांनी, जमावाच्या हत्यांवर निकाल दिला, प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, वेगळा कायदा करा असं संसदेला सुचवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, बरोबर सहा वर्षांनी त्याच तारखेला, आणि त्यात पाच किंवा जास्त जणांनी वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर त्याचं वेगळं कलम आहे. पण मुलं पळवण्याच्या संशयावरून मारलं तर ते या कारणांत बसतं का, यावर कोर्टात भांडण होणारच, आरोपीचा वकील म्हणेल जातीचा काय संबंध, गैरसमज झाला. माझ्या मते संबंध आहे, तोच माणूस पँट-शर्टात, मोटरसायकलवर असता तर त्याच्याशी कुणी बोललं तरी असतं, आणि सरकारी वकिलांनी हे कोर्टात मांडायला हवं.

महाराष्ट्राने निदान दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं आणि दोन्हीला फार पैसा लागत नाही. सातवी-आठवी-नववीच्या मुलांना बिहारसारखा चार महिन्यांचा वर्ग, मराठीत, पावरीत, भिलीत, अहिराणीत, जिथली भाषा असेल तिथे, आणि सुरुवात धुळे, नंदुरबार, पालघरपासून. आणि त्या वर्गात भटक्या समाजातली माणसं शिकवायला हवीत, दयेचा विषय म्हणून बसवलेली नकोत, मानधन देऊन नेमलेली हवीत, ज्यांनी मुलांना सांगावं की आम्ही गावोगाव का फिरतो, पालात कसं राहतो, पावसाळ्यात कुठे जातो, तुमच्या आजोबांच्या वेळी आम्ही गावात आलो की काय व्हायचं. दुसरं म्हणजे भटकंतीवर असलेल्या कुटुंबांची नोंद त्या त्या तालुक्यात पोलिसांनी गुन्हेगार म्हणून न करता पाहुणे म्हणून करावी, आणि बाजाराच्या दिवशी सरपंच-पोलीस पाटलांना आधी कळवावं की अमुक लोक आलेत, त्यांची जबाबदारी तुमच्यावर. राईनपाड्यात त्या रविवारी पोलीस पाटलाला एवढं जरी आधीपासून माहीत असतं तरी ओरड झाल्यावर मध्ये उभं राहायला एक माणूस मिळाला असता.